नेवाळीची धावपट्टी: अतिक्रमण नक्की कोणाचं?

मलंगरोडकर: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "नेवाळीतले अतिक्रमणवाले हाकला, मोठा हवाई तळ करा, मुंबई सुरक्षित होईल." त्यावरचे लाईक बघून डोकं फिरलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळच्या नेवाळी, भाल या गावांकडची शेतं धावपट्टीसाठी घेतली. १९४५ ला युद्ध संपलं, विमानं गेली, लोक पुन्हा आपापल्या बांधावर आले. माझी आजी त्याच धावपट्टीवर भात वाळत घालायची. कडेला दगड मांडायचे आणि गुरं येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसायचं. तेव्हा कोणी हटकलं नाही. २०१७ ला नौदलाची भिंत आली आणि आम्ही एकदम अतिक्रमणवाले? मुंबईच्या राखणीला पुण्याचा लोहगाव हवाई तळ आहे की! १९३९ ला इंग्रजांनी तो त्याचसाठी बांधला, २००२ ला सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमानं तिथेच दाखल झाली.

माजी एअरमन, ठाणे: भात वाळत घातला म्हणून मालकी येत नसते, साहेब. सरकारदरबारी जमीन संरक्षण खात्याची आहे. आणि एका तळावर भिस्त ठेवायची नसते. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानने बॉम्ब टाकून भूजची धावपट्टी उखडली होती. जून २०१७ च्या आंदोलनात पोलिसांच्या गाड्या जाळल्या, त्यावर तुमची एक ओळ नाही.

मलंगरोडकर: जाळपोळ चूकच. मग पोलिसांनी चालवलेल्या पेलेट गनचंही (छर्ऱ्यांच्या बंदुकांचंही) लिहा. आणि भूजची धावपट्टी ७२ तासांत उभी कोणी केली? शेजारच्या माधापर गावातल्या बायकांनी. गावच उठवलं असतं तर दिल्लीहून मजूर आणणार होतात?

डोंबिवली फास्ट: २०१० ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश पनवेलच्या खारफुटीवरून अडून बसले होते, तेव्हा नवी मुंबई विमानतळासाठी कल्याणचाच पर्याय पुढे आला होता. तेव्हाच झाला असता तर पनवेलपर्यंत हाडं खिळखिळी करत जावं लागलं नसतं.

उरणची पोर: म्हणजे आमच्याऐवजी मलंगरोडची गावं उठली असती, एवढंच ना? नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, त्याविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर पोलीस गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. माझ्या वडिलांनी त्या भूखंडासाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. साहेब कायम जेवायला गेलेले. पत्र आलं तेव्हा वडील नव्हते.

खारघरवाला: वाईट झालं. पण निम्म्यांनी साडेबाराचे प्लॉट बिल्डरला फुंकून पांढऱ्या गाड्या घेतल्या, तेही सांगा. आणि विमानतळ सुरू होण्याआधीच त्याच्या नावावरून रस्ते अडवले होते.

उरणची पोर: ज्या फ्लॅटमध्ये बसून हे टाइप करताय, तो कोणाच्या भातखाचरावर आहे? आमचे शेतकरी नेते दि. बा. पाटील नसते तर साडेबारा सोडा, अर्धा टक्काही मिळाला नसता. विमानतळाला त्यांचं नाव मागायला तुमची परवानगी लागते का?

खारघरवाला: मी फ्लॅट पैसे मोजून घेतलाय, ताई. दान नाही घेतलं.

उरणची पोर: पैसे बिल्डरला मोजलेत. आमच्या बापाला नाही.

माजी एअरमन, ठाणे: विषय नेवाळीचा होता! बरं, एवढं मानतो: तळ करायचाच असेल तर आजच्या बाजारभावाने पैसे मोजा, इंग्रजांच्या कागदावर जमीन दाबू नका. आजींचा काठी घेतलेला फोटो असेल तर टाका. जमीन नाही, लाईक तरी देतो.

मलंगरोडकर: फोटो कुठला, तेव्हा घरात रॉकेलचा दिवा होता. लाईक ठेवा तुमच्याकडेच. आधी कालच्या पोस्टला दिलेला परत घ्या.