डी फॉरेस्टला ट्रायोडचा जनक का म्हणायचं?

खुडबुड्या:
ली डी फॉरेस्ट स्वतःला रेडिओचा जनक म्हणवून घ्यायचा आणि आपणही ते निमूट मान्य करतो. १९०४ मध्ये अँब्रोज फ्लेमिंगने दोन टोकांचा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची बंद नळी, केला: तापलेली फिलामेंट, समोर धातूची प्लेट, प्रवाह एकाच दिशेने. डी फॉरेस्टने त्या दोघांच्या मध्ये वाकवलेल्या तारेची ग्रिड घातली आणि त्याला 'ऑडिऑन' नाव दिलं. तीन टोकांची ही नळी म्हणजेच ट्रायोड. १९०७ मध्ये पेटंटचा अर्ज, १९०८ मध्ये पेटंट. पण ते चालतं कशामुळे, हे त्याला उमगलंच नाही. नळीत थोडा वायू उरलाच पाहिजे, असं तो धरून बसला होता आणि खरा अडथळा तोच वायू होता! ज्याला स्वतःची नळी कळली नाही, तो जनक कसला?

तारमास्तर:
असहमत. फ्लेमिंग विद्युतचुंबकीय सिद्धांतवाल्या मॅक्सवेलच्या हाताखाली शिकलेला, एडिसनच्या दिव्यात तापलेल्या तारेतून पोकळीपार वाहणारा प्रवाह वर्षानुवर्षं अभ्यासलेला. सिद्धांत मुखोद्गत होता, मग ग्रिड त्याला का नाही सुचली? व्हॉल्व्हने संदेश ओळखता येत होता, मोठा करता येत नव्हता. मोठा करायची सोय ग्रिडमुळे झाली.

खुडबुड्या:
झाली, पण कोणी केली? १९१२ च्या ऑक्टोबरात डी फॉरेस्ट ऑडिऑन घेऊन टेलिफोन कंपनी एटी अँड टीकडे गेला. विजेचा दाब वाढवला की नळीत निळसर धूसर उजेड पसरायचा आणि आवाज बिघडायचा. तिथल्या हॅरोल्ड अर्नोल्डने ते पाहून ओळखलं की काम इलेक्ट्रॉनचं आहे, वायू उपसून काढा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्विंग लँगम्युरही त्याच वाटेने गेला. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को फोन लागला तो निर्वात केलेल्या नळ्यांवर.

तारमास्तर:
आणि त्या नळीच्या टेलिफोनच्या हक्कांसाठी एटी अँड टीने ५०,००० डॉलर मोजले ते कोणाला? डी फॉरेस्टलाच. बाळ जन्मल्यावर न्हाऊमाखू घालणारे आई होत नाहीत.

कोलंबियाकर:
तुम्ही दोघं कोलंबिया विद्यापीठाच्या एडविन आर्मस्ट्राँगला विसरलात. विद्यार्थी असतानाच, १९१२ मध्ये, त्याने प्लेटकडचा सिग्नल पुन्हा ग्रिडला दिला आणि प्रवर्धन कित्येक पटींनी वाढवलं. ऑडिऑनचं वागणं आलेख मांडून नीट समजावलं तेही त्यानेच. तरी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिग्नल असा परत फिरवण्याचं पेटंट डी फॉरेस्टच्या पदरात टाकलं. आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनियर्सच्या संस्थेला आपलं पदक परत करायला निघाला, संस्थेने ते घेतलं नाही. जाणकारांचा कौल कोणाला होता, ते यावरून कळतं.

देशी_गॅलिना:
आणि जगदीशचंद्र बोस?

तारमास्तर:
बोसांचं रेडिओलहरी ओळखणारं साधन गॅलिना स्फटिकाचं, त्यात ना नळी ना निर्वात. मोठं काम, पण वेगळ्या धाग्याचं.

कोलंबियाकर:
न्यायालयांवर फार विसंबू नका म्हणा. फ्लेमिंगचं अमेरिकी पेटंटही १९४३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं.

तारमास्तर:
मग १९१६ चा निकालही ऐका. डी फॉरेस्टने फ्लेमिंगच्या पेटंटचा भंग केला आणि फ्लेमिंगचं पेटंट जिच्याकडे होतं त्या मार्कोनी कंपनीने डी फॉरेस्टच्या ग्रिडच्या पेटंटचा. म्हणजे एकमेकांच्या परवानगीवाचून ट्रायोड बनवायची दोघांनाही चोरी. ग्रिड किरकोळ असती तर मार्कोनी कंपनी अडली कशाला असती?

खुडबुड्या:
अडली, कारण पेटंट कल्पनेचं असतं, समजुतीचं नसतं. माझा आक्षेप 'जनक' या पदवीवर आहे, पेटंटवर नाही. अर्नोल्ड आणि लँगम्युर ही नावं शाळेच्या पुस्तकात किती जणांनी वाचलीत, हात वर करा.