पर्जन्यमापकाच्या नोंदी जुळेनात, तातडीने मदत हवी आहे (माण तालुका)

चिलार_माळ: गावच्या माळावर समतल चर (उताराला आडवे, पाणी अडवणारे) काढायचेत. चराचं माप ठरवायला एका दिवसातला जास्तीत जास्त पाऊस लागतो. आमच्या यंत्राच्या ३ वर्षांच्या नोंदी आहेत, पण महसूल मंडळाच्या सरकारी पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताळमेळ नाही. महिन्याची बेरीज जवळपास येते, मोठ्या पावसाच्या तारखा मात्र भलत्याच. शुक्रवारी आराखडा द्यायचाय. कुणाचं खरं धरू?

जावळी_पाऊस: यंत्र कसलं? बसवलंय कुठं? दिवस कितीला मोडता?

नांगरट: आमचे चर दोन पावसाळ्यांत गाळानं बुजले. चरांचा नाद सोडा, करंज लावा.

कोयनाकाठ: दादा, ते पावसाची नोंद विचारतायत.

चिलार_माळ: टिपिंग बकेट, म्हणजे आतली छोटी बादली भरली की झुकते आणि नोंद होते; एका झुकावाला ०.२ मिमी. शाळेच्या गच्चीवर. दिवस रात्री बारा ते बारा, आणखी कसा असणार?

जावळी_पाऊस: तिथंच घोळ आहे. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात आणि आकडा वाचल्या दिवसाच्या तारखेला लिहितात. संध्याकाळचा वळीव तुमच्याकडं ४ तारखेला, त्यांच्याकडं ५ ला. मध्यरात्री पडला तर तुमच्याकडं दोन दिवसांत फुटतो आणि चर लहान ठरतो. मूळ नोंदी साडेआठ ते साडेआठ अशा दिवसानं पुन्हा जोडा.

कोयनाकाठ: त्याआधी यंत्र गच्चीवरून खाली घ्या. वाऱ्यानं थेंब उडतात, पाऊस कमी भरतो.

जावळी_पाऊस: शुक्रवारच्या आराखड्याला त्याचा काय उपयोग?

जुना_मापक: पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास एकेक झुकाव पडत राहिलेला दिसतो का? मग नरसाळं तुंबलंय. माझ्याकडं लिंबाच्या काड्या निघाल्या होत्या. तोंड २०० चौ.सेमी असेल तर २०० मिली पाणी अगदी सावकाश ओता. १० मिमी, म्हणजे ५० झुकाव पडायला हवेत.

चिलार_माळ: साडेआठनं जोडलं, बऱ्याच तारखा जुळल्या! पण गेल्या जुलैत सलग ११ दिवस शून्य आहे. तेव्हा बॅटरी उतरली होती.

नांगरट: महाबळेश्वरचे आकडे टाका की.

जावळी_पाऊस: अहो, तिथं साडेपाच हजार मिमीच्या वर पडतो, माणला पाचशेच्या आसपास! ते ११ दिवस कोरे ठेवा. शून्य म्हणजे पाऊस नाही, कोरं म्हणजे माहीत नाही.

चिलार_माळ: आत्ताच शाळेत जाऊन आलो. २०० मिली ओतलं, ४१ झुकाव. जाळीखाली मुंग्यांनी माती भरलीय. आता ३ वर्षांतलं तुंबणं नेमकं कधीपासूनचं, हे कसं काढू?

जुना_मापक: आलेखावर मंडळाची बेरीज आडवी, तुमची उभी, महिन्यागणिक मागची मिळवत चढती मांडा. रेघ वाकते तिथून तुंबणं सुरू; तो महिना सांगा.