तारेला ओवलेली पत्रं: ठेवायची की फोटो काढून रद्दीत द्यायची?

तापीकाठ
चोपड्याचं आमचं धाब्याचं घर दिवाळीनंतर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. ओसरीतल्या खुंटीला वाकडी केलेली एक तार आहे. घरात आलेलं प्रत्येक पत्र आजोबा तिच्यात ओवून ठेवत. सगळ्या पत्रांच्या मधोमध गंजाचं भोक, खालची कार्डं चुलीच्या धुराने काळवंडलेली.

धाकटा भाऊ म्हणतो, मोबाइलवर फोटो काढ, ग्रुपवर टाक आणि रद्दी दे. मला हे पटत नाही. १९७२ च्या दुष्काळात चुलत आजोबा खडी फोडायच्या कामावर गेले होते, तिथून त्यांनी टाकलेलं कार्ड आहे. "इकडे सुकडी मिळते, चवीला बरी आहे. तिकडे पाऊस झाल्यास कळवणे." जागा संपली म्हणून पुढचं कडेने उभं लिहिलंय, तेही पुरलं नाही तर पत्त्याशेजारी घुसवलंय. टाइप केलेल्या मेसेजात माणसाची अशी ओढाताण कुठे दिसते? उलट मी म्हणतो, दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरातल्या प्रत्येकाने एक तरी पत्र हाताने लिहावं. कार्ड ५० पैशाला मिळतं. पटत नसेल त्यांनी बोला.

पांझरेचं पाणी
शंभर टक्के पटतं. धुळ्याचा आहे म्हणून सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरं धुंडाळली, आणि त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच आहे. त्या कागदांमधले कितीतरी लिहिणाऱ्याला रोजचेच, किरकोळ वाटले असणार. कोणाच्या तरी सुनेने चूल पेटवायला घेतले नाहीत एवढंच आपलं नशीब.

आणि धुळ्याचाच तुरुंग घ्या. १९३२ मध्ये विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे. ते हाताने लिहिलेलं होतं म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्याकडे आहे.

आसोदेकरीण
पांझरा भाऊ, धुळ्याचं ऐकलं, आता आमच्या जळगावकडचं ऐका. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या तोंडी. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी जेवढं टिपून घेतलं तेवढंच बाईंच्या मागे १९५२ ला पुस्तकात आलं. शेतात नि जात्यावर म्हटलेलं बाकीचं कुठे गेलं? तेव्हा घरात साधा रेकॉर्ड करणारा फोन असता तर आज त्यांचा आवाज, त्यांचा हेल ऐकला असता.

तुमचा तो अक्षराचा जिव्हाळा ज्यांना अक्षर येत होतं त्यांच्यापुरता. माझी आई धरणगावकडची, बोलते अहिराणी. पण पत्र लिहायचं म्हटलं की शेजारच्या पोराला बसवायची आणि तो शाळेत शिकवलेलं "शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष" घालून मोकळा. त्यात आई कुठेच नसायची. आता सुरतेला, उधन्यात असलेल्या माझ्या भावाला ती स्वतः व्हॉइस नोट टाकते, "कव्हय येशी रे भाऊ?" मागे कुकरची शिट्टी आणि शेजारणीशी भांडण. तो बिचारा तेच परत परत ऐकतो.

कपाशीवाला
व्हॉइस नोट छान, पण टिकते किती? माझा फोन विहिरीत पडला, बॅकअप नव्हता. वडिलांचा आवाज त्यातच होता. तापीकाठ, तुमच्या भावाला हे जरूर सांगा.

शिरपूरची सून
इथे सगळे पत्राचं कौतुक करताय म्हणून लिहिते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझं एकही पत्र न वाचता पोस्टात गेलं नाही. मी अंतर्देशीय लिहायचे, डिंक सासरे लावायचे. माहेरून आलेलं ओसरीत मोठ्याने वाचलं जायचं, मग आत यायचं. मग मी काय लिहिणार? "मी सुखरूप आहे, काळजी नसावी." प्रत्येक वेळी तेच.

आईने निघताना कानात सांगितलं होतं, त्रास असला तर पत्रात काळ्या गायीची चौकशी कर. आमच्या घरी काळी गाय नव्हतीच. एका आखाजीच्या आधी मी लिहिलं, "काळी गाय कशी आहे? फार आठवण येते." आठवड्यात थोरला भाऊ मुराळी म्हणून, मला माहेरी न्यायला, दारात हजर, आखाजीला अजून पंधरा दिवस असताना.

माझी लेक नाशिकला असते. रात्री दार लावून फोन करते, रडायचं असेल तर रडते. तिला गाय लागत नाही.

पांझरेचं पाणी
ताई, हे तर पत्राच्याच बाजूने झालं की! पत्रामुळेच निरोप पोचला.

शिरपूरची सून
नाही भाऊ. ते माझ्या आईच्या बाजूने झालं.

खाकी पिशवी
पोस्टात नोकरी केली, आता रिटायर आहे. दोन्ही बाजूंच्या मंडळींनी पत्र लिहिलंय कमी आणि पत्रावर बोलताय जास्त असं दिसतं. राग नसावा.

निम्म्या गावाला पत्र वाचून मीच दाखवायचो. कोपरा फाटलेलं कार्ड असलं की कोणीतरी गेल्याची बातमी आहे हे पिशवीतून काढतानाच कळायचं. मग घरी जाऊन आधी पाणी मागायचो, मोठं माणूस कोण आहे बघायचो, बाईमाणसाला खाली बसायला सांगायचो, तेव्हा वाचायचो. आता ती बातमी ग्रुपवर येते, खाली कोणीतरी चुकून अंगठा दाखवतो. एवढं एक मला खटकतं. बाकी फोनबद्दल माझी तक्रार नाही.

अलीकडे पिशवीत बँकेचे कागद, विम्याचे कागद, कोर्टाची नोटीस. हाताने पत्ता लिहिलेली पाकिटं दिसायची ती राखीच्या आठवड्यात. रजिस्टर पोस्टसुद्धा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. तापीकाठ, आखाजीला कार्डं लिहा जरूर, पण आधी तुमच्या पोस्टात कार्ड शिल्लक आहे का ते विचारा. ५० पैशाचं कार्ड पोचवायला खात्याला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो, ते हौसेने कोण ठेवणार?

आणि ती पत्रं तारेतून ओढून काढू नका, भोकं फाटतील. तार पक्कडने कापा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. स्कॅन कराच, पण मूळ कागद ठेवून.

आसोदेकरीण
काका, हे बरोबर. जुनं ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण नवीन पत्र लिहायची सक्ती कशाला? आईला फोन करायलाच माणसं कंटाळतात, त्यांच्या हातात पेन देऊन काय होणार?

तापीकाठ
ताई, सक्ती नाही म्हटलं मी. आणि तुमच्या आईचं अहिराणीत कोणीतरी लिहून ठेवा, भावाचा फोन कधी विहिरीत पडेल सांगता येत नाही.

बाकी आमच्याकडे बातमी अशी की, काल रात्री धाकट्याने स्वतःहून फोन केला. त्या कार्डांमध्ये नदीकाठच्या शेताच्या वाटणीचं काही लिहिलंय का, विचारत होता. आता म्हणतो रद्दीत देऊ नको, मी येतो.

कपाशीवाला
तो यायच्या आधी झेरॉक्स काढून घ्या.