प्रतिसाद: श्रद्धा, गुडघे आणि चहा

पायी यात्रेला निघालेल्या दोन भावांचा वाद वाचला. 'श्रद्धा असली की पाय आपोआप चालतात' हे थोरल्याचं म्हणणं आणि 'गुडघ्यांना देव कळत नाही' हा धाकट्याचा टोमणा. पायी यात्रेपुरता धाकटा एक गुण पुढे!

चढापेक्षा उतार जास्त छळतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. सरावात उतार हवाच, शिवाय अधूनमधून सलग दोन दिवस चालणंही. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडा. चुरचुरलं की तिथेच थांबून पट्टी लावा, फोड येईपर्यंत वाट पाहू नका.

थोरल्याला उपास धरून चालायचंय. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते; डोस डॉक्टरांना आधीच विचारा.

आणि धाकटेराव, निघायच्या दिवशीच चहा सोडायचं म्हणताय, ते कशाला? कॅफीन एकदम तोडलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, कधी आठवडाभर पिच्छा सोडत नाही. दोन-तीन आठवडे आधीपासून एकेक कप कमी करा.