डमी बॅटरीला मराठीत काय म्हणता?

खाडीकाठ : ऐरोलीला आमच्या गॅलरीतून खाडी दिसते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास सलग फोटो काढायचे तर कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच दगा देते. म्हणून बॅटरीच्या मापाचा लाकडी ठोकळा तासला, दोन पितळी पट्ट्या लावल्या, वायर बाहेर काढली. १२ व्होल्टच्या अडॅप्टरपुढे एलएम ३१७, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी चिप, आणि किती व्होल्ट द्यायचे ते ठरवायला तिला २४० ओहम आणि १.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर. साडेसात व्होल्ट मिळतात, ७.४ च्या बॅटरीजागी चालून जातं. सोसायटीतल्या पोरांसाठी ही कृती मराठीत लिहिली, त्यात 'नकली बॅटरी' म्हटलं. झालं! एकाचे वडील दारात हजर : "अहो, नकली माल घालून पोराचा कॅमेरा जाळायचाय का?" मग डमीला म्हणायचं तरी काय?

घोडबंदरकर : वडिलांचं चुकलं नाही. नकली म्हणजे स्टेशनबाहेर मिळते ती. तिच्यात काहीतरी असतं तरी, तुमचीत नुसतं लाकूड. 'तोतया बॅटरी' म्हणा. भाऊसाहेब १७६१ ला पानिपतात पडले, त्यांचा तोतया १७७६ ला पुण्यात मारला गेला, तोवर भले भले फसले. कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात!

जास्वंद : सगळे फसत नाहीत हो. काही कॅमेरे बॅटरीतली चिप तपासतात, नसली की पडद्यावर कुरकुर. बाकी तोतया हा 'तोता'वरून आला असणार. पढवलेलं बोलणारा.

घोडबंदरकर : मग 'मैना'वरून महिना आला म्हणा.

शुद्धमती : मुळात 'बॅटरी' तरी कशाला? एक तो घट, अनेक जोडले की घटमाला. ७.४ व्होल्ट म्हणजे ३.७ चे दोन घट, शब्द काटेकोर बसतो. 'आभासी घटमाला' लिहा.

वाशीकर काका : ताई, पोरं नवरात्राची वाट बघत बसतील! आमच्या गावाकडे बॅटरी म्हणजे टॉर्च, आत घालायचे ते मसाले. मुंबईत आल्यावर इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन मसाले मागितले, तर त्यानं समोरच्या किराणावाल्याकडे बोट दाखवलं.

शुद्धमती : हसा. सावरकरांच्या 'महापौर'लाही लोक हसले असतील. आज मेयर कोण म्हणतं?

वाशीकर काका : महापौर दुकानात मागायचा नसतो. आणि नवा शब्द हवाच कशाला? ट्रान्झिस्टरला सेल परवडेनात म्हणून वडिलांनी 'एलिमिनेटर' आणला होता. आई त्याला 'लिमिटर' म्हणायची. हे तेच यंत्र की!

जास्वंद : काका, एलिमिनेटर म्हणजे भिंतीकडचा डबा. कॅमेऱ्यात शिरतो तो तुकडा वेगळा, कंपन्या त्याला कप्लर म्हणतात.

वाशीकर काका : आमचा डबा ट्रान्झिस्टरच्या पाठीलाच बांधलेला असे. बातम्या संपेपर्यंत हात लावायची सोय नाही, इतका तापायचा.

शुद्धमती : कप्लर म्हणजे युग्मक.

खाडीकाठ : युग्मक ऐकून ते वडील परत यायचे. तूर्त 'ठोकळा' लिहून कागद वाटले. एलएम ३१७ ही तापतो बरं का, वरचे साडेचार व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो, त्यामुळे ती उष्णता बाहेर टाकायला धातूचं हीटसिंक लागतंच. त्याला कुणी प्रतिशब्द सुचवू नका, आधीच बोट भाजलंय.

घोडबंदरकर : ठोकळा आणि ढोकळा मुळात एकच असतील का? आकार तर तोच.