आफ्रिकेतील धर्मसंस्था तरुणांमधून नेते घडवतात की अनुयायी?

कर्वेनगरकर (प्रश्न):
पुण्यातील एका महाविद्यालयात मी समाजकार्य शिकवते. वर्गात आफ्रिकी देशांतून आलेले काही विद्यार्थी आहेत. सभा चालवणे, ठराव मांडणे, विरोधी मत शेवटपर्यंत ऐकून घेणे यांत ते बरेच पुढे असतात आणि हे कुठे शिकलात असे विचारले, की बहुधा ‘चर्चच्या युवक मंडळात’ असे उत्तर मिळते. आफ्रिकेच्या लोकसंख्येचे मध्यक वय 19 च्या आसपास आहे, त्यामुळे तिथले तरुण कुठे आणि कसे घडतात हा प्रश्न किरकोळ नाही. धर्मसंस्थेत मिळालेले हे शिक्षण संस्थेच्या बाहेर उपयोगी पडते का, की त्यातून धर्मगुरूंचा शब्द झेलणारे कार्यकर्तेच तयार होतात? प्रकल्प-अहवालांतली गोडगोड वाक्ये मी पुष्कळ वाचली आहेत. मला प्रत्यक्ष उदाहरणे हवी आहेत.

इतिहास_निवृत्त:
दक्षिण आफ्रिकेपासून सुरुवात करा. तिथे 1967 मध्ये युनिव्हर्सिटी ख्रिश्चन मूव्हमेंट ही अनेक चर्चांशी संबंधित विद्यार्थी चळवळ उभी राहिली. तिच्यात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि वर्णभेदाच्या कायद्यांमुळे एरवी दुरावलेल्या महाविद्यालयांतले तरुण तिच्या अधिवेशनांत एकमेकांना भेटू शकत होते. 1968 मध्ये स्टटरहाइम येथील अधिवेशनात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वेगळी बैठक घेतली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह बिको यांच्या अध्यक्षतेखाली साउथ आफ्रिकन स्टुडंट्स ऑर्गनायझेशन स्थापन झाली. कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाच्या, म्हणजे ‘ब्लॅक कॉन्शसनेस’ चळवळीचा हा उगम पाहिला, तर चर्चने या मुलांना जागा, प्रवासखर्च आणि एकत्र येण्याचे निमित्त दिले असे म्हणता येते. नेतृत्व मात्र त्या मुलांनी स्वतःच्या हाती घेतले, तेही गोऱ्या उदारमतवाद्यांची मैत्रीपूर्ण पालकगिरी नाकारून. आयोजकांना याची कल्पना होती असे मला वाटत नाही. वर्णभेदाविरुद्ध लढलेले धर्मगुरू डेस्मंड टुटू यांचे उदाहरण सर्वांच्या ओठांवर असते, पण 1978 मध्ये साउथ आफ्रिकन कौन्सिल ऑफ चर्चेसचे सरचिटणीस झाले तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. तुमच्या विषयाला बिको अधिक जवळचे आहेत.

डाकार_ते_औंध:
चर्चपुरते थांबू नका. नोकरीनिमित्त मी काही वर्षे सेनेगलमध्ये होतो. तिथे अमादू बांबा (1853–1927) यांनी स्थापन केलेल्या मुरीद या सूफी मुस्लिम पंथाचे अनुयायी शहराशहरांत ‘दाहिरा’ नावाची मंडळे चालवतात. मोहल्ल्याचे दाहिरा असते, बाजारपेठेचे असते, विद्यापीठाचेही असते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर शिंपीकाम करणाऱ्या मुलांचे दाहिरा भरत असे. चटईवर सगळे दाटीवाटीने बसत, बांबांच्या रचना गायल्या जात आणि त्यानंतर मिसरूड फुटलेला खजिनदार वही उघडून प्रत्येकाचे नाव व थकबाकी मोठ्याने वाचत असे. त्याच्या दुप्पट वयाचे दुकानमालकही निमूटपणे खिशात हात घालत. या पैशातून कोणाच्या घरच्या मयतीचा खर्च निघे, तुबा येथील वार्षिक यात्रेसाठी बस ठरे, शिवाय गावाहून नव्याने आलेल्या मुलाला चार दिवस आधार मिळे. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळात पावतीपुस्तक आणि हिशेब सांभाळून तयार झालेले कार्यकर्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही शाळा अनोळखी वाटणार नाही. पैसा आणि जाब देण्याची जबाबदारी कोवळ्या वयात अंगावर पडते. प्रवचनाने जे साधत नाही ते वहीने साधते, असे माझे मत आहे. अर्थात मराबू, म्हणजे पंथाचे गुरू, यांचा शब्द शेवटचा असतो, हेही खरेच.

शंकेखोर:
वरील दोन्ही उत्तरांत अडचणीची बाजू राहून गेली. हिशेब ठेवणे, माणसे जमवणे, हुकूम पाळून घेणे ही कौशल्ये दंगलीलाही तितकीच उपयोगी पडतात. नायजेरियातील कडुना येथील पाद्री जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशफा हे दोघेही तरुणपणी आपापल्या धर्माच्या लढाऊ युवक गटांत पुढे होते. 1992 मधल्या झांगोन काताफच्या ख्रिस्ती-मुस्लिम हिंसाचारात ते परस्परविरोधी बाजूंना होते. वुये यांनी हात गमावला, अशफा यांनी आपले गुरू आणि आप्त गमावले. 1995 मध्ये दोघांनी मिळून संवादाचे काम सुरू केले, ते पुढे इंटरफेथ मीडिएशन सेंटर म्हणून ओळखले गेले. जुन्या गटांतील तरुणांपर्यंत त्यांना पोहोचता आले, कारण ती पोरे त्यांना ओळखत होती. रवांडात तर 1994 च्या वंशसंहारात न्यामाता आणि न्तारामा येथे चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या लोकांचीच कत्तल झाली, आणि तो देश बहुसंख्येने ख्रिस्ती होता. म्हणून माझा प्रतिप्रश्न असा, की मंडळात वाढलेल्या मुलाला ‘नाही’ म्हणायला कोणी शिकवते का?

कर्वेनगरकर:
हा मुद्दा वर्गात निश्चित घेईन. मात्र आतापर्यंतच्या उत्तरांत मुली कुठेच दिसल्या नाहीत.

इतिहास_निवृत्त:
मग लायबेरियाकडे वळा. लेमा ग्बोवी मन्रोव्हियातील ल्युथरन चर्चच्या मानसिक आघात-निवारण कार्यक्रमात काम करत होत्या. 2003 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी देशातले यादवी युद्ध थांबावे म्हणून ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रियांना पांढऱ्या कपड्यांत एकत्र बसवले. घानातील अक्रा येथील शांतता वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा याच स्त्रियांनी सभागृहाची दारे अडवली. आफ्रिकन युनियनने 2006 मध्ये केलेल्या युवा सनदेत तरुणाईची मर्यादा पस्तीस वर्षांची आहे, म्हणजे त्या हिशेबाने त्या तरुणच ठरतात. शंकेखोरांच्या प्रतिप्रश्नाचे एक उत्तरही इथे आहे, कारण त्यांचा नकार त्यांच्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांना आणि बंडखोरांना, दोघांनाही होता.

डाकार_ते_औंध:
पुरवणी: सेनेगलमध्ये बांबांच्या आई माम जारा बूसो यांच्या नावाने स्त्रियांची स्वतंत्र दाहिरा चालतात. तिथली वही बायकांच्याच हाती असते.