नीड फॉर स्पीड (२०१५): समीक्षक इतके नाराज का होते?

रात्रपाळी: नीड फॉर स्पीड या रेसिंग गेम मालिकेच्या २०१५ च्या रीबूटची, म्हणजे नव्याने केलेल्या सुरुवातीची, जुनी डिस्क आणली. ओल्या रस्त्यावरचे दिवे बघून खुळाच झालो. गेममधल्या व्हेंच्युरा बे शहरात उजाडतच नाही, तेही आवडलं. मग परीक्षणं वाचली, बरीचशी कोमट. असं का?

जुनागडी: दिसणं आणि गाडी सजवणं यांचं कौतुक झालंच होतं. पण २०१४ ला एकही भाग न काढता हा आणला, त्यामुळे अपेक्षा फार. राग होता सक्तीच्या ऑनलाइनवर. एकट्याने खेळायलाही नेट हवंच, वर पॉज नाही. बेल वाजली तर आधी गाडी कडेला लाव, मग दार उघड!

हँडब्रेक: शिवाय कितीही पुढे गेलं तरी प्रतिस्पर्धी गाड्या रबरबँडने बांधल्यासारख्या मागे चिकटतात. मॅन्युअल गिअरसुद्धा मागाहून, २०१६ मध्ये आले. रेसिंग गेममध्ये!

रात्रपाळी: आणि खऱ्या नटांची ती दृश्यं? दर दोन मिनिटांनी कुणीतरी मुठीला मूठ टेकवायला हात पुढे करतं. मी घरी बायकोपुढे केली, तिने हातात भाजीची पिशवी दिली.

जुनागडी: त्याची टिंगल तेव्हाही झाली. मला मात्र रॅली ड्रायव्हर केन ब्लॉक, पोर्श गाड्यांचा संग्राहक मॅग्नस वॉकर असे खरे गाडीवेडे दिसले की बरं वाटायचं. बाकी संवाद स्किप कर.